खोडरबरचं चिन्ह

३ मार्च

ती. काकूंना सा. नमस्कार.

काकांचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. खोलीतली तुमच्या लेकीची कॉट अजून कुणाला दिलेली नाही. ती असताना मी माझे ओले टॉवेल तिच्या कॉटवर टाकायचे आणि रोज बोलणी खायचे. आता टाकत नाही.

पत्राबरोबर तिची रेखाटनवही पाठवते आहे. सामानात वही सापडत नाही असं तुम्ही दोनदा लिहिलंत, आणि मी दोन्ही वेळा "बघते" म्हणून कळवलं. वही माझ्याच कपाटात होती.

आम्हाला वर्गात प्रत्येकीने स्वतःच्या नावाचं एक चिन्ह, म्हणजे लोगो, करायचं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरी आम्ही, अक्कल बेताचीच. मी एक वर्तुळ काढलं, त्यात नावाचं पहिलं अक्षर घातलं आणि वर एक पेन्सिल खोचली. सर म्हणाले, "हे वह्यांच्या दुकानाला दे, घेतील बिचारे." सगळा वर्ग हसला, तीही हसली. तिला आम्ही 'खोडरबर' म्हणायचो, काढण्यापेक्षा पुसणंच जास्त म्हणून. हे तिने घरी सांगितलं नसेल.

तुम्ही विचारलं होतंत, "एवढंसं चिन्ह जमेना म्हणून पोरीनं जीव दिला का गं?" मी लिहिलं, "हो काकू, तिने फार मनाला लावून घेतलं होतं."

ते खोटं होतं.

तिचं चिन्ह पूर्ण झालं होतं. जाण्याच्या चार दिवस आधी दुपारी तिने ते मला दाखवलं. दोन काळे तुकडे, आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या पांढऱ्या जागेत अक्षर. अक्षर तिने काढलंच नव्हतं, तरी ते लख्ख दिसत होतं. "कसं आहे?" तिने विचारलं. मी मनातून जळले. म्हटलं, "ठीक आहे, अजून जरा बघ." ती "हं" म्हणाली आणि तिने वही मिटली.

आमच्या दोघींची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. हजेरीत शेजारी, म्हणून खोलीतही एकत्र. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी सरांनी काम मागितलं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. कुणाची नक्कल नाही हे कळावं म्हणून चिन्हाबरोबर वीस कच्ची रेखाटनंही द्यावी लागतात. तिच्या वहीत ती सगळी होती. मी एकेक गिरवून माझ्या कागदावर उतरवलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता सापडलीस तू." सध्या ते प्रदर्शनात पहिल्याच भिंतीवर आहे. खाली माझं नाव आहे.

चिन्ह झालं होतं म्हणून कळवलं असतं, तर तुम्ही ते बघायला मागितलं असतं. म्हणून झालं नाही असं लिहिलं.

हे असंच दडपलं गेलं असतं. पण परवाच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की काकांनी धाकटीचे रंग आणि ब्रश टाकून दिले, या नादापायी एक गेली म्हणाले. ते वाचलं आणि मी कपाटातून वही बाहेर काढली.

काकू, तिला येत नव्हतं असं नाही. आमच्यात सगळ्यात जास्त तिलाच येत होतं. काकांना हे वाचून दाखवा.

मग ती का गेली, ते मला माहीत नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर झोपायचे, तरी माहीत नाही. माझं "ठीक आहे" तिला किती लागलं, तेही कधी कळणार नाही. तुमच्याकडे निदान एक कारण होतं, तेवढंही मी आज काढून घेते आहे. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

वही पोस्टात टाकून तशीच सरांकडे जाणार आहे. आधी सरांकडे गेले तर रडून माफी मिळवीन आणि वही पाठवणारच नाही. स्वतःला आता तेवढी ओळखते.

दर पत्रात तुम्ही मला 'बाळ' म्हणता. यापुढे म्हणू नका.

तुमच्या लेकीच्या खोलीत राहणारी