नानुलीबाईंना सोलापूरचं उत्तर

सोलापूर, सोमवार सकाळ

ती. सौ. मथुराअक्का,

धाकट्या सिद्धनाथचा नमस्कार तुला आणि दाजींना, दाजींना जरा जास्त, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं लिहायचं आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला बसला का? (बसला नसेल तर त्यांना सांग की दुकानात मिरच्यांच्या पोत्याला टेकून दिवस काढणाऱ्याला बार्शीतला कुठलाच डॉक्टर बरा करू शकणार नाही.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी एकटाच क्षेम, तुझी भावजय आमच्या ऋतुजाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे आणि जाताना मला गॅस कसा बंद करायचा तेवढं शिकवून गेली आहे. पेटवायचा कसा ते मी आपणहून शिकलो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस आणि ही हकिकत दोन वाक्यांत मावणारी नाही. थोडक्यात सांगायचं तर अक्का, तुझा भाऊ जिंकला. आता सविस्तर सांगतो.

आमच्या कॉलनीच्या वाचनालयाला कुणीतरी एक भलामोठा टीव्ही भेट दिला होता, हे तुला मागे सांगितलं होतं. टीव्ही हॉलमध्ये बसवला, नारळ फोडला, पेढे वाटले आणि मग त्याच्यावर अभ्रा घातला. पुढे कितीतरी महिने त्याच्या मागच्या फटीत लग्नपत्रिका खोचून ठेवण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग झाला नाही. शेवटी मी पुढे झालो. दर रविवारी पाच वाजता इंटरनेटवरचा एक निवडक व्हिडिओ दाखवायचा, जगातली माणसं आपापल्या घरी कशी राहतात, काय रांधतात, काय विणतात, कशावर भांडतात ते कॉलनीला कळू द्यायचं, असा ठराव मी मांडला आणि मीच त्याला अनुमोदन दिलं. नाव ठेवलं ‘घरोघरची माणसं’. दाजी तेव्हा म्हणाले होते की मेव्हणा रिटायर झाला आणि मोबाईल बघायला ऑफिस उघडून बसला. मी ते मनावर घेतलं नाही. (घेतलं होतं.)

तुम्हाला वाटतं, बोट फिरवायचं आणि समोर येईल ते लावायचं, त्यात निवडण्यासारखं काय आहे! अगं, आठवडाभर मी पाहतो तेव्हा कुठे एक हाताला लागतो. माझे नियम आहेत. मागे ढोल वाजत असेल तर बाद. माणूस आपल्या बोलीत बोलत असताना त्याच्या डोक्यावरून दुसराच कुणी बडबडत असेल तर बाद. आणि परक्या गावात जाऊन, त्यांच्या ताटातलं तोंडात घालून, नाक मुरडून कॅमेऱ्याकडे बघणारा जो एक वर्ग असतो, तो तर मी पहिल्या झटक्यात बाद करतो. कुणाच्या घरी जेवायला बसून अशी तोंडं केली असती तर आपल्या आईने परसात नेऊन काय केलं असतं, ते तुला सांगायला नको. ज्याचं घर आहे त्यानेच ते दाखवलं पाहिजे, हे माझं धोरण आहे आणि मला ते अजूनही बरोबर वाटतं.

धोरण बरोबर होतं, पण खुर्च्या रिकाम्या होत्या. मंगोलियातल्या तंबूचा व्हिडिओ बघायला वॉचमन, त्याचा पाहुणा आणि पंख्याखाली झोपायला आलेले एक निवृत्त तलाठी एवढेच हजर होते. पुढच्या रविवारी पाहुणा गावी गेला. माझं प्रास्ताविक व्हिडिओपेक्षा लांब होतं असं काहींचं म्हणणं पडलं, पण ‘काही’ म्हणजे वॉचमनच. अशात वाचनालयाचे अध्यक्ष चनबसप्पा यांनी मला बोलावून सांगितलं की एक साडीवाला रविवारी संध्याकाळी सेल लावायला हॉल मागतोय, तेव्हा दिवाळीच्या आत एकदा तरी सगळ्या खुर्च्या भरून दाखवा, नाहीतर रविवार त्याला दिला. मला त्या हॉलचं एवढं काय, असं तू म्हणशील. अक्का, ऑफिस सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. ‘आज काय दाखवणार?’ एवढा एकच प्रश्न आठवड्यातून एकदा मला विचारला जायचा. तो गेला असता तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

पुढच्या रविवारी मी जॉर्जिया नावाच्या देशातल्या नानुलीबाई लावल्या. डोंगराखालचं खेडं आहे, वय आपल्या मोठ्या आत्याएवढं, डोक्याला रुमाल. अंगणात विहिरीसारखी खोल मातीची भट्टी, आत निखारे, आणि ही बाई कमरेपर्यंत आत वाकून लांबट रोट्या भट्टीच्या भिंतीला थापते. मग निघालेल्या रोट्या, चीज, अक्रोड असं सगळं टेबलावर मांडते आणि बघणाऱ्याला हाताने ‘या, बसा’ म्हणते. हे चालू असताना चनबसप्पांची थोरली वहिनी, नीलम्मा, दिराला शोधत हॉलमध्ये आली. नीलम्मा म्हणजे कॉलनीतलं शेवटचं अपील कोर्ट. दार उघडून ती आत डोकावली, नानुलीबाई भट्टीत वाकताना दिसल्या आणि तिने टीव्हीलाच ओरडून सांगितलं, “अय्यो, यव्वा, रुमाल सांबाळ की, पेटंल!” आणि खुर्ची ओढून बसली. दीर राहिला बाजूला.

व्हिडिओ संपला, मी टीव्ही बंद केला आणि समारोपाला उभा राहिलो, तर नीलम्माने मला खालीच बसवलं. तिचं म्हणणं असं की ती बाई एवढं घर दाखवते, पान मांडते, बसा म्हणते, आणि आपण बघून बटन दाबून घरी? शेजारणीची वाटी कधी रिकामी परत धाडतो का आपण? आता आपली चूल तिला दाखवलीच पाहिजे. मी समजावलं की व्हिडिओ जगात सगळ्यांसाठी असतो, नानुलीबाईंना आपण बघितल्याचं ठाऊकसुद्धा नाही. त्यावर ती म्हणाली, “तिला ठाऊक नसंल, मला हाय की.” (यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.)

झालं. मंगळवारी नीलम्माच्या अंगणात चूल मांडली, आणि कडक भाकरी दाखवायची ठरली. चित्रीकरणाला शगुफ्ता आली. ती समोरच्या गल्लीत राहते, शाळेत शिकवते आणि तिचा फोन माझ्या फोनपेक्षा शहाणा आहे. मी सांस्कृतिक देवाणघेवाणीवर चार शब्द बोलायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, “काका, तुमी जरा मागं बसा की, धूर दिसंना.” मी मागे बसलो. नीलम्माने भाकरी थापली, एवढी पातळ की पलीकडचं दिसावं, ती तव्यावर टाकली, मग चुलीच्या कडेला उभी करून कडकडीत वाळवली, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर मोडून तिचा आवाज ऐकवला. शेंगाचटणी दाखवली. दही दाखवलं. दोन्हीत खरं जोडीला कोणतं यावरून बायकांत जुंपली, तेही शगुफ्ताने राहू दिलं. मी ते कापायला सांगितलं होतं. तिने माझं प्रास्ताविक कापलं. मग हा व्हिडिओ नेटवर चढवला आणि नानुलीबाईंच्या व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं की, बाई, तुमच्या पाहुणचाराची ही परतफेड, सोलापूर, भारत.

चार दिवसांत उत्तर आलं! नानुलीबाईंच्या नातीने लिहिलं होतं. आजीने तीनदा बघितलं, आजीला तुम्ही सगळ्या फार आवडलात, आजीचा एकच प्रश्न आहे: ही बाई भाकरी इतकी पातळ का करते, घरात पीठ कमी आहे का?

अक्का, शगुफ्ताने हे मराठीत सांगितलं तेव्हा नीलम्माचा चेहरा बघायला तू पाहिजे होतीस. पीठ कमी! नीलम्माच्या घरात! ही बातमी दुपारपर्यंत कॉलनीत, संध्याकाळपर्यंत पलीकडच्या विणकरांच्या वस्तीत पोचली आणि तिथे ती तेलुगूत आणखी वाईट वाटली असावी, कारण तिकडच्या बायका स्वतःहून डबे घेऊन आल्या. दुसरा व्हिडिओ झाला. त्यात कडक भाकऱ्यांची चळत नीलम्माच्या खांद्याला लागली होती. तिने सरळ कॅमेऱ्यात बघून सांगितलं की बाई, ही प्रवासात महिनाभर टिकते, तुजी दुसऱ्या दिवशी दगड होत असंल. शगुफ्ताने भाषांतरात ‘दगड’ तेवढा गाळला.

आणि मग कालचा रविवार उजाडला. नानुलीबाईंनी खास सोलापूरसाठी उत्तराचा व्हिडिओ केलाय, अशी खबर गेली होती. पाच वाजायच्या आधीच खुर्च्या भरल्या. सतरंज्या घातल्या, त्या भरल्या. खिडक्यांत माणसं. तलाठीसाहेब जागे! चनबसप्पा साडीवाल्याला हॉल दाखवायला घेऊन आले होते, त्यांना दारातून आत येता येईना. वहिनी पहिल्या रांगेत, म्हणून दिराला काही बोलताही येईना. साडीवाला मात्र माणसांच्या पायांतून वाट काढून पुढे जाऊन बसला. पडद्यावर नानुलीबाई आल्या, हात हलवला, हॉलने हात हलवला. त्यांनी कुठून तरी ज्वारीचं पीठ पैदा केलं होतं. कडक भाकरी करायला गेल्या, भट्टीच्या भिंतीला लावली, आणि ती सुटून थेट निखाऱ्यात. मग नीलम्मा उठून टीव्हीजवळ गेली आणि त्या बाईच्या पडद्यावरच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “पडू दे गं. माजी बी पडली होती लगीन झाल्यावर. सासू लई बोलली होती.” अर्धा हॉल हसला, अर्ध्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला आणि मीही लावला असता, पण माझ्याकडे पदर नव्हता.

रविवार आपला राहिला, अक्का. चनबसप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. विणकर मंडळींनी पेरू देशातल्या मागावरचा व्हिडिओ मागितलाय, शगुफ्ताच्या अम्मीला उझबेकिस्तानचा पुलाव बघून त्यातल्या चुका काढायच्या आहेत. माझ्या निवडीचं चीज झालं. दाजींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, आणि खोकला आला तर थांब, पण सगळं वाच.

तुझा धाकटा,
सिद्धनाथ

ता. क. एक गोष्ट राहिली. व्हिडिओच्या शेवटी नानुलीबाईंनी विचारलं (नातीने ते खाली इंग्रजीत दिलं होतं, शगुफ्ताने मराठी केलं) की दोन्ही वेळा मागे बसून सारखा खाणारा तो माणूस कोण, त्याला भाकरी करता येते की नुसती खाता येते? (कॅमेऱ्यात मी दिसत होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) हॉल हसला, चनबसप्पा सर्वांत जास्त. मला राहवलं नाही. मी उभा राहून सांगितलं की आमच्या घरात सध्या भाकरी मीच करतो, आणि शगुफ्ताने ते तिथल्या तिथे लिहून पाठवलं. आता येत्या रविवारी भरल्या हॉलमध्ये मी भाकरी करणार आणि ती जॉर्जियात दिसणार. नाही केली तर हा हॉल पुन्हा कधी भरेल? तेव्हा शनिवारच्या एसटीने तू निघच. टेबलाखाली बसायचं, माझा पूर्ण बाहीचा सदरा घालायचा. चेहरा माझा, हात तुझे. बांगड्या बाहीत वर सरकव. (काढ म्हणत नाही, दाजी आहेत.)

ता. क. २. वरची योजना रद्द. मी मोठं टेबल मागायला गेलो आणि नीलम्माने काही न विचारता सगळं ओळखलं. म्हणाली, “तूच कर. जाड हुईल, वाकडी हुईल, हू दे. तिची निखाऱ्यात गेली, तिला बी आपल्याकडचं कुणीतरी बिगडवताना बघून बरं वाटंल की.” मला हे पटायला रात्र गेली, पण पटलं. तिकडे ती म्हातारी आमच्या उत्तराची वाट बघत बसली असणार. हसली तर हसू दे.

ता. क. ३. तरी तू ये. समोर तू बसलेली असलीस तर मला धीर येईल. फक्त येताना तुझ्या घरचं ताजं पीठ आणू नकोस. यंदाच्या पिठाला विरी नाही, भाकरी थापताना चिरणारच, असं मी कॉलनीत आधीच सांगून ठेवलंय.