म्हटलंच होतं मी

३ मार्च, सकाळ
आजपासून वही. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही सगळं झाल्यावर म्हणता, मला माहीतच होतं. आता आधीच लिहून ठेवणार, तारखेसकट. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर मोत्यासारखं.

दुपार
बाथरूमचं लॅच अडकलं. मी आत, तासभर! किल्लीवाला आला, दार उघडलं आणि माझ्याकडे बघून चक्क हसला. कान केवढाले! आमची नात चिमणी त्याला चहा देत बसली. लिहून ठेवते : माणूस कामाचा नाही. चिमणीला बजावलं, याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

१९ मार्च
किल्लीवाला परत आला. लॅचला तेल घालायला म्हणे. तिसऱ्यांदा! आठ दिवसांत येणं बंद होतंय बघ. पैज.

२ जून
चिमणी म्हणते, लग्न करीन तर त्याच्याशीच. मला कोण आनंद! मी तर बाथरूममधून नुसता आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं, हाच आपला नातजावई. कानही कसे भरदार. सूनबाईला सांगितलं, म्हटलंच होतं मी. ती म्हणाली, कधी? बिचारीच्या काही लक्षात राहत नाही.

९ जून
लग्नाच्या नोंदणीला साक्षीदाराची सही लागते. चिमणी म्हणाली, पहिल्यापासून जो आमच्या बाजूने, त्याचीच घेणार. म्हणजे माझीच, शंकाच नको. चार पानं सही गिरवली. सूनबाई गालात हसतेय. हसू दे. उद्या वहीच पुढ्यात ठेवते.

१० जून
चष्मा सापडेना, म्हणून चिमणीलाच वाचायला लावलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. किल्लीवाला आपले कान चाचपायला लागला. माझा लेक खोकत बाहेर पळाला. मी म्हटलं, तासभर कोंडलेलं माणूस, हात थरथरत होता; 'कामाचा'पुढे 'नाही' चुकून पडलं. चिमणी गळ्यात पडून म्हणाली, आजी गं आजी! आणि हसतच सुटली. सहीचं कुणी काढलं नाही. मीही नाही.

१२ जून
लग्न झालं. सही सूनबाईने केली. मी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. नातजावई कानाशी येऊन म्हणाला, आजी, नवीन लॅच बसवलंय, आता बाहेरूनही उघडतं. गुणाचं पोर.

घरी येऊन ती चार पानं फाडली. सही सूनबाईच करणार, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.