लाल कोंबड्याची तब्येत कळवावी

चिंचणी, रविवार

लाहूभाऊजींना भिकाचा रामराम. रखमीबायला, घरातल्या लहानथोरांना आणि अंगणातल्या कोंबड्यांनाही रामराम. रखमीबायचे गुडघे कसे आहेत? भात झोडून झालं का? आणि तुमचा लाल कोंबडा बरा आहे ना, दाणे खातो ना? त्याला हायवेकडे फिरकू देऊ नका, गाडीवाले काही बघत नाहीत. (त्याची एवढी चौकशी का, ते पुढे येईल.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या पाड्यावर फोन लागत नाही आणि इथे मी फोन उचलला की भिकी कान लावून बसते. बायकोला कळू नये अशा गोष्टी कागदावर बऱ्या, कारण तिला वाचायचा कंटाळा आहे. म्हणून पत्र जिव्याच्या जीपमधून कासाला पाठवतो आहे.

आमची दक्षा बर्फावरच्या हॉकीत देशाच्या संघात गेली, हे तुम्हीच अख्ख्या कासा बाजाराला सांगितलं आहे. चार देशांच्या मुलींची स्पर्धा उत्तरेला एका डोंगरातल्या शहरात होती आणि आईबापांपैकी एकाला बोलावणं होतं. भिकी म्हणाली, "बर्फाच्या कारखान्यात तुम्ही कामाला, तुम्हीच जा." इथेच घोटाळा झाला. ज्याने बर्फ पाहिला नाही त्याला त्याची भीती नसते. मी लाद्या ओढण्यात जन्म घालवला आहे, माझ्या अंगठ्याचं नख एका लादीने नेलं आहे. आमच्याकडे बर्फावर दोघांनाच ठेवतात, पापलेटला आणि गेलेल्या माणसाला. तिसरं कोणी त्यावर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नशिबी आलं तर पोटची पोर.

(मुळात दोष तुमचा. चिकूच्या झाडावर चढून तुम्ही वरून चिकू फेकायचे आणि ही पोर खाली उभी राहून एकही जमिनीला लागू द्यायची नाही. तेव्हा रखमीबाय ओरडत होती, की पोरीला भलती सवय लावू नका. पुढे शाळेत चाकांचे बूट मिळाले, मग चाकं जाऊन पाती आली, आणि आता चिकूच्या जागी काय येतं ते सांगतो.)

ती एक काळी रबराची चकती असते, दगडासारखी घट्ट. ती आधी गोठवतात म्हणे, म्हणजे जास्त जोरात जाते! पहिल्या संध्याकाळी सराव चालू असताना ती चकती माझ्यासमोरच्या काचेवर आदळली आणि मी बाकाखाली गेलो. बाकाखाली बसूनच तुमच्या पाड्याच्या वेशीवरच्या वाघोबाच्या दगडाची आठवण केली. (तोंड आपल्या गावाकडे होतं की नाही, सांगता येत नाही.) म्हटलं, वाघोबा, माझ्या पोरीला या बर्फावर सामन्यासाठी पाऊल ठेवू देऊ नको, तुला कोंबडा देतो. दक्षा दुसऱ्या नंबरची गोलकीपर, पहिली लडाखकडची एक मुलगी. पहिल्या सामन्यात दक्षा नुसती बाकावर बसून राहिली. बाकीच्यांचे आईबाप हळहळले, "बिचारीला संधी नाही मिळाली." मी तोंड पाडून बसलो होतो, पण मनात लाडू फुटत होते.

दुसऱ्या दिवशी त्या लडाखकडच्या मुलीचा पाय बसमधून उतरताना मुरगळला. बर्फावर नाही, बसमधून! दक्षा धावत माझ्याकडे आली, डोळे असे चमकत होते, म्हणाली, "बाबा, आज मी खेळणार!" मी म्हटलं, "वा वा." माझे हातपाय कारखान्यातल्यापेक्षा गार पडले होते, भाऊजी. देव ऐकत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच्या अकलेवर येतो. आमच्या कारखान्यात लादीवरून चालायचं तर पायाखाली गोणपाट टाकतात, घसरत नाही. सामानाला गुंडाळलेलं एक गोणपाट माझ्याकडे होतं. सगळे जेवायला गेलेले पाहून मी दारातून वाकून आत शिरलो, बसून बसून सरकत गोलपर्यंत गेलो आणि पोर उभी राहते तिथे ते नीट अंथरून आलो. मग बर्फ गुळगुळीत करायचं ट्रॅक्टरएवढं यंत्र आलं आणि त्याने गोणपाट गिळलं.

सामना अडला. दोन देशांचे साहेब, पंच, मिस्त्री, सगळे यंत्राभोवती जमले आणि आतून सुतळी ओढत राहिले. शेवटी गोणपाटाचा तुकडा निघाला, त्यावर मराठीत "चिंचणी". अख्ख्या इमारतीत ते गाव ठाऊक असलेली दोनच माणसं होती. दक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिने मान खाली घालून साहेबांना सांगितलं, की माझ्या सामानातलं पडलं असेल. तेव्हा मात्र मला लाज वाटली.

सामन्याचं काय सांगू? मी तो बोटांच्या फटीतून पाहिला. समोरच्या मुली वादळासारख्या यायच्या, ठाण आवाज व्हायचा, मी डोळे मिटायचो, उघडून बघतो तर चकती दक्षाच्या हातात. चिकूसारखी! एक गेली तेवढीच, आणि त्या एकीने आपण हरलो. शिट्टी वाजल्यावर आपल्याच मुली धावल्या आणि दक्षाच्या डोक्यावर थपडा मारू लागल्या. मला वाटलं, हरलो म्हणून पोरीला बदडतात. मी "सोडा, सोडा तिला!" करून काचेवर चढायला लागलो. चौकीदाराने मला कमरेला धरून खाली काढलं आणि समजावलं, की ही शाबासकी आहे.

पोर धडधाकट परत आली, दंडावर एक निळा डाग सोडला तर. भिकीला तो जिन्यावरून पडल्याचा सांगितला आहे, तुम्हीही तेच सांगा.

तुमचा मेहुणा,
भिका

ता. क. वाघोबाला बोललेला कोंबडा तुमचा लाल होता. आमच्याकडे कोंबड्या नाहीत, आणि बाकाखाली घाईत तोच आठवला. राग मानू नका.

ता. क. २. परतताना गाडीत दक्षा म्हणाली, "बाबा, घरी गेल्यावर कासाला जायचंय. मी वाघोबाला बोलले होते, मला एकदा तरी बर्फावर उतरू दे, आतोबांचा लाल कोंबडा देईन." भाऊजी, कोंबडा एकच आणि मागणी दोन्हीकडून! देवाने माझं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. तेव्हा कोंबडा तिच्याच नावाने द्या. माझं बोलणं तुम्हीच दगडासमोर उभं राहून मागे घ्या, हेच या पत्राचं खरं काम. आणि तिला हे कधी कळू देऊ नका.

ता. क. ३. तिची पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे, या वेळी पहिल्या नंबरची. एक पिल्लू आत्तापासून वेगळं वाढवायला ठेवा. मला अजूनही तेवढीच भीती वाटते, पण या वेळी देवाकडे काय मागायचं ते आधी तिला विचारीन.