माथेरानचा वारा पोशीरला उतरतो

२ एप्रिल, सकाळ
उद्या अपेक्षा येतेय. लेकीचं पहिलं बाळंतपण, आपल्या घरी! जावई योगेंद्ररावांचा मोहोपाड्याहून फोन. तिच्या खोलीत एसी बसवून देऊ का म्हणाले. नम्रपणे नकार दिला. मुलुंड सोडताना आपला एसी भाच्याला देऊन टाकला तो काय उगाच? पोशीरपासून माथेरान केवढं जवळ! थंड हवा जड असते. जड वस्तू खाली येते. साधं सायन्स. बायको, पौर्णिमा, म्हणाली, मग गेले दोन उन्हाळे ती हवा कुठे अडलीय? तिला भूगोल पहिल्यापासून कच्चा.

३ एप्रिल
अपेक्षा आली. दहा मिनिटांत म्हणाली, बाबा, पंखा पाचवर करा ना. पंखा पाचवरच होता. प्रवासाचा शीण असणार. दोन दिवसांत हवा मानवेल.

९ एप्रिल
हवा अजून मानवलेली नाही. हॉलमधला थर्मामीटर एकोणचाळीस दाखवतो. चुकीच्या भिंतीवर होता. मोरीत पिंपाच्या मागे लावला. तेहतीस. उपकरण योग्य जागी हवं.

१४ एप्रिल, दुपार
जयंतीची मिरवणूक बघायला अपेक्षाला दारात खुर्ची दिली. पाच मिनिटांत आत गेली. शेजारच्या विठाबाई बघत होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अरं मिलिंदा, पोरीला उकडायला आणलीस का रं? आमी पण यंदा कूलर घेतलाय." विठाबाईंचं वय झालंय. शिवाय त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडे. तिकडे वारा पोचत नसावा.

१८ एप्रिल
निर्धार. स्लॅबवर चुना मारायचा, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची. दोन्ही केलं. घरात आता उकाडा आहे आणि गोणपाटाचा वासही आहे. अपेक्षाला वासाने उलटी झाली. गोणपाटं काढली. चुना चालू ठेवला आहे.

२३ एप्रिल, दुपारी तीन
लाइट गेलेली. अपेक्षा कुठे दिसेना म्हणून शोधलं. बाथरूममध्ये होती. फरशीवर कुशीवर पडलेली, एक हात पोटावर, एक बादलीतल्या पाण्यात. ओढणी भिजवून मानेखाली घेतली होती. मला पाहून हसली. म्हणाली, इथे बरं वाटतं हो बाबा. तुम्ही जा.
मी गेलो. ओट्यावर उभा राहिलो. माथेरानकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

२४ एप्रिल
कोणाला न सांगता नेरळच्या दुकानात गेलो. एसी आहे, उद्या पाठवतो म्हणाले. दुकानाचा वायरमन माझ्यासोबत घरी आला. त्याने मीटर पाहिला आणि हसला. या वायरिंगवर एसी चालणार नाही, लोड वाढवून घ्या, वेगळी लाइन टाका, म्हणाला. घर बांधताना कॉन्ट्रॅक्टरही हेच सांगत होता. मी त्याला थंड हवा जड असते ते समजावलं होतं. त्याला पटलं होतं.
लोड वाढवायला अर्ज. पंधरा दिवस तरी.

२५ एप्रिल
अपेक्षाला चक्कर आली. कर्जतला डॉक्टरांकडे. बाळ ठीक आहे. अंगातलं पाणी कमी झालंय. सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात एखादी थंड खोली आहे का? मी माथेरानपासून सुरुवात केली. पौर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. मग नाही म्हणालो.

२६ एप्रिल
योगेंद्रराव गाडी घेऊन आले. गाडीतला एसी लावून अपेक्षाला आत बसवलं. मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. विहीणबाईंचा फोन, "जय भीम दादा, वाईट वाटून घेऊ नका, हे घर पण तिचंच आहे." पौर्णिमाही लेकीबरोबर निघाली. तिची बॅग भरून तयार होती. कधी भरली, कळलं नाही.
व्यवस्था तात्पुरती आहे. लोड वाढला की सगळे परत.

११ मे
लोड वाढला. एसी बसला. खोली गार होते. मी हॉलमध्येच झोपतो. एकट्यासाठी कशाला लावायचा.
पौर्णिमाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आता नवव्या महिन्यात तिला हलवायचं नाही.

१९ मे
मुलगी झाली. दोघी सुखरूप. पौर्णिमा फोनवर रडली. मीही. शेजारी विठाबाईंना पेढा दिला. बाळ कुठाय, म्हणाल्या.

२४ मे, मोहोपाडा
नात पाहिली. दुपट्यात गुंडाळलेली, डोक्यावर टोपडं. मे महिन्यात टोपडं! ताज्या हवेचं महत्त्व सांगावं म्हणून दारातच उभा राहिलो. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "दादा, आत तरी या, नाहीतर दार तरी लावा. गारवा जातो."
आत गेलो. दार लावलं. बाळाला मांडीवर दिलं. बोट धरलं तिने. तासभर हललो नाही.
निघताना अपेक्षाला सांगितलं, आता खोलीत एसी आहे, बाळाला पोशीरला कधी आणतेस? ती हसली. माझा हात धरून म्हणाली, बाबा, थंडीत येते ना.
बरं म्हटलं.
आमच्याकडे थंडी डिसेंबरात पडते. सकाळी सहा ते साडेसात.