जागेश्वरले घरी धाडू नका

आसगाव, एप्रिल १९८३

प्राध्यापक साहेबांले जागेश्वरच्या आईचा नमस्कार.

होस्टेलातली पोरं दारू काहून पेतात, याचा तुमी अभ्यास केला. घरापासून दूर राहतात म्हणून पेतात, असं तुमाले दिसलं. माहा जागेश्वर पेताना सापडला, तं तुमी त्याले महिनाभर घरी धाडलं. तुमचं मन चांगलंच होतं, साहेब.

पण आमच्या इकडं मोहाच्या दारूची पहिली धार निघाली का देवाले थेंब शिंपडतात, अन् मंग मोठ्या पोराच्या हाती गिलास देतात. जागेश्वरले तो त्याच्या बाबूजीनं नववीतच देला. होस्टेलानं त्याले नवं काही शिकवलं नाही.

तुमच्याजवळ तो लपून तरी पेत होता. इथं आंगणात बाजेवर बसून पेते. त्याचे बाबूजी म्हणतात, "बरं झालं मास्तरनं धाडलं, मले सोबती भेटला."

त्याले परत बोलवा, एवढंच सांगाचं होतं. पण पत्र पोस्टात टाकाले जाणारे हे दोघंच. म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवून राहिली.

आधी मी एकाचं ताट झाकून झोपत होती. आता दोघांचं झाकते.

थकलेली,
गोदावरीबाई