गुडघ्याखालची पट्टी

वडगाव, बेळगाव

प्रिय मंजू,

त्या दुपारी आप्पांचा माग चालू होता आणि मागापुढं आप्पा नव्हते. माझं सगळं तिथून बदललं. धोटा आपला इकडून तिकडं धावतोय, कापड उतरतंय, आणि बघायला कुणी नाही. तुझे वडील चालता माग सोडून हलणारे नव्हेत, हे तुला मी सांगायला नको. मागच्या बाजूला गेलो तर ते सुताच्या पोत्यावर बसलेले, विजार गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, आणि पायावरची एक पट्टी सोडवत होते. मला बघून नुसतं म्हणाले, माग बघ जा. पण मी पाय बघितला होता. पट्टीखालची पोटरी फुगून चकचकीत झालेली, घोट्याच्या वरची कातडी शाई सांडल्यासारखी काळी, आणि आतल्या अंगाला एक ओली जखम.

तू त्यांना टिळकवाडीच्या डॉक्टरांकडं नेलंस ते मला आठवतंय. तेव्हा आपलं बोलणं होतं. शिरांच्या झडपा कमजोर झाल्यात, पण नीट सांभाळलं तर आत्ता ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाल्याचं सांगताना तुझा चेहरा किती हलका झाला होता. सकाळी खाटेवरनं पाय खाली सोडायच्या आधी घट्ट मोजे चढवायचे. मागापुढं खांबासारखं उभं राहायचं नाही, टाचा उचलत राहायचं, मधनंमधनं गल्लीत एक फेरी मारायची. दुपारी पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा सगळा अधिकार तू आमच्यावर गाजवलास. आता निपाणीच्या दवाखान्यातून रोज फोन करून मोजे घातले का विचारतेस, आणि ते व्हय म्हणतात. अगदीच खोटं नाही गं ते. काहीतरी घालतात. फक्त तो मोजा नव्हे.

मोजा त्यांनी पहिल्याच दिवशी ताणून बघितला आणि हसले म्हणे. असलं रबरासारखं कापड विणकरानं घालायचं? मग स्वतःच पट्टी विणली. दुहेरी सूत, ठोकून ठोकून घट्ट, तसूभरही न ताणणारी. तुझ्या आप्पांच्या हातचं कापड, त्यात खोट काढायला जागा नाही. आणि बांधायचे कुठं, तर गुडघ्याखाली करकचून आणि घोट्याकडं सैल. रगत वरनं खाली उतरतंय तर वरच अडवाय पाहिजे, हे त्यांचं गणित. मी सांगितलं की मंजूनं उलटं शिकवलंय, घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसं सैल, कारण रक्त खालून वर चढवायचं असतं. तर म्हणाले, बीकॉम पुरं करायला जमलं न्हाय आणि मला कापड शिकवतोस व्हय रं?

त्यांच्या तोंडाला मी लागत नाही. मास्तरांची कॉलर धरून कॉलेज सोडलेल्या पोराला लेक कोण देणार? मी मागायला आलो तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, पोरगी देणार न्हाय, माग देतो, चालव. मी चालवला. तुझ्या घरात उभं राहायला मिळतंय, एवढ्यासाठीच चालवला, हे आता लिहून टाकतो.

पण नुसती पट्टी असती तर मी गप्प बसलो नसतो. आपल्या गल्लीत लेकीच्या लग्नाचा शालू बाप हातानं विणतो, त्याला दुसरा कुणी हात लावत नाही, आणि त्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझं निपाणीत ठरलं आणि आप्पांनी जुना हातमाग उघडला. दिवसभर पावरलूमपुढं उभं राहायचं आणि लाईट गेली की हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचं. पाय कधी वर म्हणून नाहीतच. मी भांडलो, तेव्हा त्यांनी मला सौंदत्तीच्या रेणुकेची शपथ घातली, तुला काही सांगायचं नाही म्हणून. म्हणाले, मंजूला कळलं तर ती लग्नाची तारीख पुढं ढकलंल, आणि लोक म्हणतील साईनाथनंच काडी घातली. तिथं माझी जीभ बांधली गेली. रोज तो शालू वाढताना बघत होतो. मोरपंखी आहे, लाल काठाचा. मला त्याचा राग होता. तुझ्यामुळं होता की आप्पांच्या पायामुळं, मी वेगळं काढू शकलो नाही.

इथवर परवा लिहून ठेवलं होतं, द्यायचं धाडस नव्हतं. पुढचं आत्ता शामूच्या टेम्पोची वाट बघत लिहितोय. आज सकाळी डावी पोटरी एकाएकी दुप्पट झाली. कडक, आणि हात ठेवला तर तापलेली. आप्पांनी गल्लीतल्या रवळूला बोलावलं होतं, गरम तेलानं पाय रगडायला. त्याला मी उंबऱ्यावरनंच परत पाठवला. एकच पोटरी अशी सुजली तर चोळायची नाही, आतली रक्ताची गुठळी सुटून छातीत जाते, थेट दवाखाना, हे तुझंच सांगणं. पट्टी मी सोडवली. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, पदर तेवढा राहिलाय, पुरा करून येतो, आणि भिंत धरत खड्ड्याकडं निघाले. त्यांना धरून ठेवायची ताकद माझ्यात आहे, पण ते पुन्हा उठले असते. म्हणून मी कात्री घेतली आणि हातमागावरचा ताणा, शालूचे सगळे उभे धागे, या काठापासून त्या काठापर्यंत कापला. सगळे धागे एकदम सैल पडले.

मी मुस्काटात खायची तयारी ठेवली होती. ते ओरडलेच नाहीत. खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, पोरीचं लगीन मोडलंस.

हे वाचेपर्यंत शेजारच्या भावकूनं तुला फोन करून दवाखान्याचं सांगितलं असेल. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून हे त्याच्याच हाती निपाणीला देतोय. आप्पा सांगतील, गल्ली सांगेल, तुझा होणारा नवराही म्हणेल, की साईनाथनं जळून शालू कापला. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. त्यांच्या पायासाठी कापला. पण कात्री चालवताना हात जराही थरथरला नाही, त्याची मला भीती वाटते. तू लग्न कर. शालू बाजारातून घे. पण आधी इकडं ये, कारण डॉक्टरांपुढंही ते फक्त तुझंच ऐकतील. ते आता बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायला लागलेत. शामूचा टेम्पो आला. तो आणि भावकू त्यांना उचलून बाहेर नेतायत, मी विजेचा खटका पाडतो, आणि दार ओढून घेऊन निघतो.

कुणी काही म्हणो, तुझाच
साईनाथ