समोरचं हॉस्पिटल

३ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. आईच्या छातीत कळ येते आणि तिला दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेतात! दुधाला बर्फ होता, आईला साधी उशी नव्हती. आणि अँब्युलन्स कुठे होती, तर मास्तरांना करपट ढेकर येत होते म्हणून त्यांना घेऊन गेली होती. धन्य तुमचं गाव. शिंक आली तरी गाडी बोलावता.

आता पुरे. माझ्या गॅलरीतून हॉस्पिटलची लाल पाटी चष्म्याशिवाय वाचता येते. रस्ता ओलांडला की डॉक्टर. रविवारी गाडी पाठवतो, आईला पाठव. दुसरा झटका आला तर टेम्पोने निभणार नाही.

रागावलेला, पण तुझाच,
दादा

७ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र वाचून शिवणयंत्र बंद केलं आणि तुला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही. शिंक आली की आम्ही गाडी बोलावतो हे खरं. ती येईपर्यंत शिंकेचा न्यूमोनिया होतो, म्हणून आधीच बोलावून ठेवतो. मग खरी गरज लागते तेव्हा ती भलत्याच्याच दारात असते. मूर्खपणा आहे, कबूल. पण टेम्पोवाल्याने कुणालाही न विचारता निम्मे कॅन रस्त्यात उतरवले. तुझ्या बिल्डिंगमधलं कोणी कुणासाठी लिफ्टचं बटण तरी दाबून धरेल का?

आईला पाठवते. पाठवायची अजिबात इच्छा नाही. तिच्याशिवाय घर खायला उठेल. पण पुढच्या वेळी ती वाचेल असं मला छातीठोक सांगता येत नाही, तिथे माझा नाइलाज आहे. गोळ्या वेळेवर दे आणि तिच्यासमोर माझी अक्कल काढू नकोस.

लोभ आहेच, वाढवायची घाई नको.
छोटी

२८ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. आई मजेत आहे. मी मात्र तिच्यामुळे जेरीस आलोय. चार दिवस पित्त उसळलंय, डावा खांदा फायली उचलून आखडलाय, तर ती हात धुऊन मागे लागली आहे की ऊठ, आत्ताच्या आत्ता समोर चल. जिन्यात मी जरा थांबलो की माझा चेहरा न्याहाळते. गावची सवय, दुसरं काय!

मी तिला सांगितलं, हॉस्पिटल कुठे पळून जातंय? रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे आणि मी अध्यक्ष. ती आटोपली की सोमवारी सवडीने दाखवून येईन. समोर राहणाऱ्याने धावाधाव केली तर लांबच्यांनी काय करायचं?

तुझ्या गावठी काळज्या तुझ्यापाशीच ठेव. लोभ तेवढा पाठव.
दादा

५ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. आधीच सांगते, हे वाचले आहेत. आता बसून वाचा.

रविवारी सकाळी घामाने भिजले, ओठ पांढरे पडले, आणि महाशय दाढी करायला उभे राहिले. डॉक्टरांसमोर तसंच कसं जायचं! मग इस्त्रीचा शर्ट. मग खाली बसले ते उठेनात. मी समोर फोन केला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आमचा माणूस फाटकाबाहेर येत नाही, अँब्युलन्स बोलवा. अँब्युलन्सवाला म्हणाला की रस्त्यात दुभाजक आहे, पुलाखालून वळून यावं लागेल. ती फाटकातून निघून उलट दिशेला जाताना मला गॅलरीतून दिसली. मी बावळटासारखी बघत राहिले.

तेवढ्यात सासूबाई दिसेनात. त्या घरातल्याच चपलांवर खाली उतरून, गाड्यांना हात दाखवत पलीकडे गेल्या होत्या. पोर्चमधली चाकांची खुर्ची घेतली. वॉचमन आडवा आला, तर त्याला म्हणाल्या की ही तुझ्या बापाची असेल तर त्यालाही बसवून आणते. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने आणि दोन कॉलेजच्या मुलींनी खुर्ची दुभाजकावरून उचलून दिली, ह्यांनाही त्यांनीच खाली आणलं. आमच्या मजल्यावर एक दार उघडलं नाही. आणि रस्ता ओलांडताना हे रुमालाने तोंड झाकून बसले होते, सोसायटीतले बघतील म्हणून!

हृदयाचा एक भाग कायमचा गेला. पहिल्याच दिवशी आले असते तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. असे उशिरा येणारे बरेचसे जवळपासचेच असतात, असंही म्हणाले. आता जिना बंद, सभा बंद. खाटेवरून आमची गॅलरी दिसते, तर कपडे नीट वाळत घातले नाहीत म्हणून मला निरोप येतात.

सासूबाईंनी पिशवी भरली आहे. ह्या बिल्डिंगमध्ये एक दिवस राहायचं नाही म्हणतात. न्यायला कधी येता?

तुमच्या मायेची, आणि सध्या मदतीचीही गरज असलेली,
वहिनी

१० एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. वहिनीचं पत्र वाचून आधी रडले, मग इतकी चिडले की गणवेशाला बाही उलटी जोडली. तोंड झाकलंस! आई तुला ढकलत नेत होती आणि तुला लाज कसली वाटली, तर लोकांची. एवढा शिकलास आणि दुखतंय हे सांगायला सोमवारचा मुहूर्त शोधत बसलास.

आई येणार म्हणून मी तिची खोली झाडली, खाटेवर धुतलेली चादर घातली. किती आनंद झाला होता, काय सांगू. पण मी तिला न्यायला येत नाही. इथे अँब्युलन्स येवो न येवो, कुणाला जरा दुखलं की आम्ही उचलून निघतो. तुझ्याकडे हॉस्पिटल आहे, पण आई सोडली तर निघायला लावणारं माणूस नाही. कालच आईला फोनवर समजावलं. ती रडली, मीही रडले. मग तिने पिशवी रिकामी केली.

ती ऊठ म्हणाली की उठायचं. लोभ करायलाही माणूस जिवंत लागतो.

छोटी